अकूस्टिक एमिशन चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रेशर व्हेसल, साठवण टाक्या, काँक्रीटचे पूल आणि फायबर ग्लासच्या पाइपलाइन यांच्यावर अकूस्टिक एमिशन चाचणी करून घेणारे, आणि ती नव्याने शिकणारे, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. रोजच्या बोलण्यात हिला 'एई' म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे.

१. एई चाचणी म्हणजे नेमकं काय? सेन्सर काय ऐकतो?

भाराखाली तडा किंचित पुढे सरकतो, काचतंतू तुटतो किंवा गंजाचा थर फुटतो, तेव्हा त्या जागी साठलेली ऊर्जा झटक्यात मोकळी होते आणि तिच्या लहरी पदार्थातून चहूकडे पसरतात. पृष्ठभागावर चिकटवलेला पिझोइलेक्ट्रिक सेन्सर या लहरी पकडतो आणि त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. पृष्ठभागाची ही हालचाल इतकी सूक्ष्म असते की ती पिकोमीटर ते नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते. वारंवारता साधारण २० किलोहर्ट्झ ते १ मेगाहर्ट्झ असते, म्हणून कानाला काही कळत नाही. कथील हा ठळक अपवाद आहे. कथलाची कांडी वाकवली की स्फटिकांच्या आतल्या बदलामुळे होणारी करकर सरळ ऐकू येते.

या विषयाचा पद्धतशीर पाया योझेफ कायझर यांनी म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात १९५० साली सादर केलेल्या प्रबंधात घातला. १९६० च्या दशकात रॉकेट मोटरच्या आवरणांच्या दाबचाचणीत तिचा औद्योगिक वापर सुरू झाला.

२. मग अल्ट्रासोनिक आणि एईमध्ये फरक काय? दोन्हीत लहरीच आहेत ना?

अल्ट्रासोनिकमध्ये लहर आपण पाठवतो आणि तिचा प्रतिध्वनी वाचतो. एईमध्ये लहर दोषातूनच निघते. या एका फरकातून बाकीचे सगळे येते. एई फक्त वाढणारा, हलणारा, घासणारा किंवा गळणारा दोष पकडते. शांत पडून असलेला तडा तिला दिसत नाही. त्या बदल्यात काही मोजके सेन्सर लावून संपूर्ण व्हेसल एकाच वेळी तपासता येते, आत उतरावे लागत नाही आणि बऱ्याचदा उत्पादनही थांबवावे लागत नाही.

या दोन पद्धतींना एकमेकींचा पर्याय मानणे चूक आहे. कुठे पाहायचे हे एई सांगते, आणि तिथे काय आहे व किती मोठे आहे हे अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफी सांगते.

३. चाचणीसाठी भार वाढवावाच लागतो का? नेहमीच्या दाबावर नाही का होत?

सहसा वाढवावा लागतो, आणि त्याचे कारण कायझर परिणाम हे आहे. धातूवर एकदा एखाद्या पातळीपर्यंत भार आला की, भार काढून पुन्हा चढवताना ती जुनी पातळी ओलांडेपर्यंत उत्सर्जन जवळजवळ होत नाही. म्हणून वापरातल्या व्हेसलला मागच्या ६ ते १२ महिन्यांतल्या कमाल कार्यदाबाच्या वर, साधारण १०५ ते ११० टक्क्यांपर्यंत नेतात. इथे डिझाइन दाब धरायचा नाही. व्हेसलने प्रत्यक्षात सोसलेला कमाल दाब धरायचा.

भाराचा हा इतिहास नीट माहीत नसेल तर चाचणीचा अर्धा अर्थ गेला. दाबाच्या नोंदी आधी मागवा, आणि चाचणीच्या आदल्या आठवड्यात कोणी 'सहज तपासायला' दाब चढवणार नाही याची लेखी खात्री घ्या. तसे झाले तर त्या पातळीपर्यंतचे उत्सर्जन निघून गेलेले असते आणि चाचणीत व्हेसल खोटेच शांत दिसते.

भार न वाढवताही चालणारे प्रकार आहेत: गळतीचा शोध, टाकीच्या तळाचा गंज (प्रश्न १५) आणि कायमस्वरूपी देखरेख.

४. कायझर परिणाम कुठे लागू पडत नाही? 'फेलिसिटी रेशो' हा शब्द तिथेच येतो का?

हो, तिथेच. खराब झालेल्या फायबर संमिश्रात (तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थात) जुनी कमाल पातळी गाठण्याआधीच उत्सर्जन सुरू होते. पुन्हा भार देताना ज्या भाराला लक्षणीय उत्सर्जन सुरू झाले, त्याला आधीच्या कमाल भाराने भागले की फेलिसिटी रेशो मिळतो. आधीचा कमाल दाब १० बार आणि उत्सर्जन ८.८ बारला सुरू, तर रेशो ०.८८. फायबर ग्लासच्या टाक्यांसाठी ०.९५ च्या खालचा आकडा चिंतेचा धरतात.

धातूतही कायझर परिणाम मोडतो. मधल्या काळात तडा थकव्याने किंवा गंजाने वाढला असेल, उष्णता-संस्कार झाला असेल, वेल्ड दुरुस्ती झाली असेल किंवा भाराची दिशा बदलली असेल, तर जुन्या कमाल पातळीच्या खालीही आवाज येतो. वापरातल्या व्हेसलसाठी हीच गोष्ट उपयोगाची ठरते. मधल्या काळात काही बिघडले असेल तर ते बोलते.

फायबरच्या टाकीला चाचणीआधी विश्रांती द्यावी लागते. एएसएमई (अमेरिकेतली यांत्रिक अभियंत्यांची संस्था) कोडच्या पाचव्या विभागातल्या तक्त्याप्रमाणे भार कामाच्या कमाल पातळीच्या १० टक्के किंवा त्याखाली उतरवला तर १२ तास पुरतात. ५० टक्क्यांपर्यंतच उतरवला तर ४ दिवस थांबावे लागते. हा काळ पाळला नाही तर फेलिसिटी रेशोवर विसंबता येत नाही.

५. किती किलोहर्ट्झचा सेन्सर घ्यायचा?

धातूच्या व्हेसलवर १५० किलोहर्ट्झचा अनुनादी सेन्सर (एका ठरावीक वारंवारतेला सर्वाधिक संवेदनशील असलेला) हा सर्वसाधारण पर्याय आहे, आणि कामाचा पट्टा १०० ते ३०० किलोहर्ट्झ ठेवतात. टाकीच्या तळासाठी ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा, काँक्रीटसाठी ६० किलोहर्ट्झच्या आसपासचा. फायबर ग्लासवर १५० किलोहर्ट्झचे सेन्सर मुख्य कामाला लावतात आणि ३० ते ६० किलोहर्ट्झचे थोडे सेन्सर लांबवरचे ऐकायला ठेवतात.

यामागचा हिशोब असा आहे की वारंवारता जितकी कमी तितकी लहर दूर जाते, पण यंत्रांचा गोंगाटही तितकाच आत येतो. पंप चालू असलेल्या प्लँटमध्ये ३० किलोहर्ट्झच्या सेन्सरने धातूचा तडा शोधायला जाऊ नका. ब्रॉडबँड सेन्सर लहरींच्या आकाराचा अभ्यास करायला चांगले, पण त्यांची संवेदनशीलता कमी असते. क्षेत्रकामात अनुनादी सेन्सरच चालतात.

६. रंगावर सेन्सर चालतो का? गरम पृष्ठभागाचं काय करायचं?

घट्ट बसलेला पातळ रंग चालतो, मात्र प्रश्न ७ मधली तपासणी त्याच रंगावर करून पाहा. पोपडे सुटलेला, फुगलेला किंवा जाड रबरी लेप असेल तर सेन्सरच्या आकाराइतकी जागा धातूपर्यंत साफ करा. इन्सुलेशन पूर्ण काढावे लागत नाही. प्रत्येक सेन्सरसाठी १०० ते १५० मिलिमीटर व्यासाची खिडकी पुरते.

कपलंट (सेन्सर आणि पृष्ठभाग यांच्यामधली हवा घालवून लहर पोहोचवणारा थर) म्हणून सिलिकॉन ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली वापरतात, लांबच्या मुक्कामासाठी चिकट गोंद. थर अगदी पातळ हवा. मध्यभागी मुगाच्या दाण्याएवढा ठिपका ठेवा आणि सेन्सर गोल फिरवत दाबा, म्हणजे आतली हवा निघून जाते. नंतर चुंबकी पकडीने तो घट्ट धरा. केबलचा ताण सेन्सरवर येऊ देऊ नका. केबल सेन्सरपासून हातभर अंतरावर पट्टीने चिकटवा. तासाभराने सेन्सर घसरतो तो बहुतेकदा केबलच्या वजनाने.

पृष्ठभाग सेन्सरच्या मर्यादेपेक्षा गरम असेल तर वेव्हगाइड लावतात. ही ६ ते १२ मिलिमीटर जाडीची स्टीलची कांडी असते. एक टोक व्हेसलवर वेल्ड केलेले किंवा दाबून बसवलेले, दुसऱ्या थंड टोकाला सेन्सर. यात काही डेसिबल गमवावे लागतात, तेव्हा वेव्हगाइडसह पुन्हा मोजणी करून सेन्सरमधली अंतरे ठरवा. प्रेशर व्हेसलवर नवे वेल्ड करायचे असेल तर त्यालाही कोडची परवानगी लागते हे विसरू नका.

७. पेन्सिलची शिसं मोडून सेन्सर तपासतात म्हणे. हे खरंच विश्वासार्ह आहे का?

आहे, आणि शिस्तीने केले तर क्षेत्रकामात याहून सोपा पर्याय नाही. या पद्धतीला सू-नीलसन स्रोत म्हणतात. शिसे २एच कडकपणाचे, ०.५ किंवा ०.३ मिलिमीटर व्यासाचे, आणि बाहेर काढलेली लांबी ३ मिलिमीटर. पेन्सिलच्या टोकाला प्लास्टिकची मार्गदर्शक बांगडी लावलेली असते. त्यामुळे प्रत्येक वेळी पृष्ठभागाशी साधारण ३० अंशांचाच कोन राहतो. शिसे टेकवून हळूहळू दाब वाढवा. ते मोडते त्या क्षणी दाब सुटतो आणि पदार्थात एक ठरावीक लहर जाते.

प्रत्येक सेन्सरजवळ एकाच ठरावीक अंतरावर, समजा १० सेंटिमीटरवर, ३ वेळा शिसे मोडा. तिन्ही वाचनांचा आयाम (संकेताची उंची) जवळजवळ सारखा यायला हवा. मग सगळ्या सेन्सरची सरासरी काढा. तिच्यापासून ३ ते ६ डेसिबलपेक्षा, नेमकी मर्यादा तुमच्या कोडप्रमाणे, जो सेन्सर दूर असेल तो काढून साफ करून पुन्हा बसवा. तरीही खाली असेल तर केबल आणि प्रीअँप्लिफायर अदलाबदल करून पाहा, म्हणजे दोष कुठे आहे ते कळते.

नवखे लोक तीन ठिकाणी चुकतात. शिसे एचबीचे घेतात. बांगडीशिवाय मोडतात, मग कोन दरवेळी बदलतो. आणि मोडल्यावर पेन्सिलचे धातूचे टोक पृष्ठभागावर आपटते, त्याने दुसरा खोटा हिट (यंत्राने नोंदलेला एक संकेत) नोंदला जातो. सेन्सरच्या फार जवळ मोडले तर संकेत १०० डेसिबलच्या आसपास छाटला जातो आणि सगळे सेन्सर सारखेच उत्तम दिसतात. तसे झाले तर ०.३ मिलिमीटरचे शिसे घ्या किंवा अंतर वाढवा.

ही तपासणी चाचणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायची असते. नंतरची का सोडू नये ते प्रश्न १९ मध्ये आहे.

८. सेन्सर किती लागतील? दोन सेन्सरमध्ये अंतर किती ठेवायचं?

कोरा आकडा कोणी देत असेल तर त्याने तुमची वस्तू पाहिलेली नाही. आधी क्षीणनाचा, म्हणजे अंतरानुसार लहर कशी अशक्त होते त्याचा, आलेख काढावा लागतो. एक सेन्सर लावा आणि त्यापासून ०.१, ०.५, १, २, ३ मीटर अशा अंतरांवर, एकदा वेल्डला समांतर आणि एकदा वेल्ड ओलांडून, शिसे मोडा. आयाम कसा घसरतो ते मांडा. ज्या अंतरावर तो थ्रेशोल्डला (ज्याखालचे संकेत यंत्र नोंदत नाही त्या पातळीला) टेकतो त्याच्या बऱ्याच आत तुमचे सेन्सर असायला हवेत.

पत्र्यात लहर दोन मितींत पसरते म्हणून अंतर दुप्पट झाले की निव्वळ पसरण्याने ३ डेसिबल जातात, आणि जाड ठोकळ्यात ६. त्यावर पदार्थाचे शोषण, नोझल, रंग, आतले द्रव आणि बाहेरचे काँक्रीटचे आवरण यांची भर पडते. मोकळ्या स्टीलवर दोन सेन्सरमध्ये काही मीटर अंतर चालते. फायबर ग्लास आणि काँक्रीटवर ते बऱ्याचदा मीटरभर किंवा त्याहून कमी करावे लागते. व्हेसल रिकामे असताना काढलेला आलेख पाण्याने भरल्यावर लागू पडत नाही, तेव्हा चाचणीच्या स्थितीतच मोजा.

९. थ्रेशोल्ड आणि ते पीडीटी, एचडीटी, एचएलटी आकडे कसे ठरवायचे?

एईमध्ये ० डेसिबल म्हणजे सेन्सरच्या तोंडाशी १ मायक्रोव्होल्ट. त्यामुळे ४० डेसिबल म्हणजे १०० मायक्रोव्होल्ट आणि ६० डेसिबल म्हणजे १ मिलिव्होल्ट. थ्रेशोल्ड बहुतेक वेळा ४० ते ५० डेसिबल ठेवतात, पण आधी भार न देता पार्श्वभूमीचा गोंगाट मोजा आणि त्याच्या किमान ६ डेसिबल वर राहा. गोंगाट ५५ डेसिबलचा असेल तर थ्रेशोल्ड ६५ करून चाचणी उरकण्यापेक्षा गोंगाटाचे मूळ शोधा. थ्रेशोल्ड वर नेला की प्रश्न ८ मधला आलेखही बदलतो आणि सेन्सर कमी पडतात.

वेळेचे तीन आकडे एक हिट कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला हे ठरवतात: पीडीटी (संकेताचे शिखर ठरवण्याचा वेळ), एचडीटी (हिट संपला हे ठरवण्याचा वेळ) आणि एचएलटी (हिट संपल्यावर नवा हिट न मोजण्याचा वेळ). संमिश्रांसाठी पीडीटी २० ते ५०, एचडीटी १०० ते २०० आणि एचएलटी ३०० मायक्रोसेकंद ही सुरुवात चांगली. धातूच्या लहान नमुन्यांसाठी ३००, ६००, १०००. लहर बराच वेळ घुमत राहते अशा मोठ्या धातूच्या रचनांवर १०००, २००० आणि २०,००० पर्यंत जावे लागते. एचडीटी लहान पडला तर एकाच घटनेचे तुकडे होऊन हिटची संख्या फुगते. मोठा पडला तर दोन घटना एकात मिसळतात. एचडीटी पीडीटीच्या किमान दुप्पट ठेवण्याचा नियम इथून येतो.

१०. दोष कुठे आहे ते यंत्र कसं सांगतं? दाखवलेली जागा चुकते का?

लहर सगळ्यात आधी कोणत्या सेन्सरला पोहोचली आणि बाकीच्यांना किती उशिरा, यावरून जागा काढतात. दोन सेन्सरचे सोपे उदाहरण घ्या. पाइपवर सेन्सर ४ मीटर अंतरावर आहेत, लहरीचा वेग ३००० मीटर प्रति सेकंद आहे आणि दुसऱ्या सेन्सरला लहर ०.४ मिलिसेकंद उशिरा पोहोचली. वेग गुणिले वेळेचा फरक म्हणजे १.२ मीटर, त्याचा निम्मा ०.६ मीटर. म्हणजे स्रोत मध्यबिंदूपासून ०.६ मीटर पहिल्या सेन्सरकडे सरकलेला, पहिल्या सेन्सरपासून १.४ मीटरवर. पत्र्यावर किमान ३ सेन्सर लागतात. क्षीणन जास्त असेल तिथे अचूक जागेचा आग्रह सोडून 'पहिला हिट कोणाला' एवढ्यावरून विभाग ठरवतात.

जागा चुकते, आणि बहुतेक वेळा चूक वेगात असते. पत्र्यातून लहर एकाच वेगाने जात नाही. स्टीलमध्ये लवकर पोहोचणारा पण अशक्त भाग साधारण ५४०० मीटर प्रति सेकंदाने जातो आणि मागचा बलवान भाग ३२०० च्या आसपास. जवळच्या सेन्सरचा थ्रेशोल्ड आधीचा भाग ओलांडतो, दूरच्या सेन्सरवर तो भाग थ्रेशोल्डखाली बुडालेला असतो आणि घड्याळ मागच्या भागावर सुरू होते. हिशोबात वेग एकच आणि प्रत्यक्षात दोन, म्हणून ठिपका सरकतो. पाण्याने भरलेल्या व्हेसलमध्ये तिसरा रस्ता उघडतो, आतल्या पाण्यातून सरळ पलीकडे, साधारण १४८० मीटर प्रति सेकंदाने. नोझल आणि मॅनहोल लहरीला वळसा घालायला लावतात ते वेगळेच.

म्हणून पुस्तकातला वेग भरू नका. दोन्ही सेन्सरच्या रेषेत पण दोघांच्या बाहेर शिसे मोडा, मिळालेल्या वेळेच्या फरकाने अंतराला भागा आणि तो वेग वापरा. मग जोडणीच्या आत ठाऊक असलेल्या ५-६ जागी मोडून ठिपके बरोबर पडतात का पाहा. सेन्सरमधल्या अंतराच्या ५ टक्क्यांपर्यंतची चूक अनेक ठिकाणी स्वीकारतात.

११. गोंगाट आणि खरा संकेत वेगळे कसे करायचे?

गोंगाट नंतर गाळण्यापेक्षा आधी बंद करणे केव्हाही चांगले. चाचणीच्या वेळी ५० मीटरच्या परिसरात ग्राइंडिंग, हातोडीकाम आणि क्रेनची ये-जा थांबवा. दाब देणारा पंप लवचिक नळीने जोडा आणि होल्डच्या वेळी (दाब एका पातळीवर स्थिर धरून ठेवताना) तो बंदच असू द्या. झडपा गळत असतील तर त्या आधी दुरुस्त करा. गळकी झडप सतत फुसफुसते आणि जवळच्या सेन्सरचा तळच वर उचलते. पाऊस, गारा आणि वाऱ्याने आपटणारी वाळू यांत चाचणी थांबवण्याला पर्याय नाही.

राहिलेले ओळखायला काही खुणा आहेत. विद्युत हस्तक्षेप सगळ्या चॅनेलवर एकाच क्षणी येतो, कारण त्याला पदार्थातून प्रवास करावा लागत नाही, आणि त्याचा कालावधी फार थोडा असतो. घर्षणाचे संकेत लांब, कमी आयामाचे, हळू चढणारे असतात. ते सॅडल, पाय आणि पाइपच्या आधारांजवळ जमतात आणि दाब चढताना व उतरताना दोन्ही वेळा दिसतात. सॅडलखाली पॅड घालून ते कमी करता येतात. गळती सलग संकेत देते. तिथे हिट मोजण्याला अर्थ नसतो, सरासरी संकेतपातळी पाहावी. तड्याचे संकेत आखूड, झटकन चढणारे असतात आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा येतात.

जोडलेल्या पाइपमधून गोंगाट येणारच असेल तर त्या वाटेवर पहारेकरी सेन्सर बसवा. ज्या घटनेचा पहिला हिट पहारेकऱ्याला लागला, ती बाहेरून आली.

१२. प्रेशर व्हेसलच्या चाचणीचा क्रम कसा असतो?

सेन्सर बसवून प्रश्न ७ आणि १० मधल्या तपासण्या झाल्या की १० ते ३० मिनिटे भार न देता पार्श्वभूमी नोंदवतात. मग दाब टप्प्याटप्प्याने: चाचणी दाबाच्या ५०, ६५, ८५ आणि १०० टक्क्यांवर होल्ड, मधल्या प्रत्येक टप्प्यावर किमान १० मिनिटे आणि शेवटच्या दाबावर ३० मिनिटे, असा कार्यक्रम सामान्य आहे. चढण हळू हवी, मिनिटाला चाचणी दाबाच्या १ ते २ टक्के. नळीतल्या प्रवाहाचा आवाज ऐकू यायला लागला की वेग कमी करा. दाबाचा संकेत एई यंत्रालाच जोडा, म्हणजे प्रत्येक हिटसोबत त्या क्षणाचा दाब आपोआप नोंदला जातो. हाताने लिहिलेला दाब आणि यंत्राचे घड्याळ नंतर जुळवणे म्हणजे विनाकारण ओढवलेला त्रास.

पाण्याचे तापमान पाहायला विसरू नका. थंड पाण्याने स्टील ठिसूळ होण्याच्या पट्ट्यात गेले तर चाचणीच अपघात घडवू शकते. हवेने किंवा वायूने दाब देताना साठलेली ऊर्जा पाण्याच्या तुलनेत कितीतरी जास्त असते. अशा वेळी एई तात्काळ सूचना देते म्हणून ती लावतातच, पण सुरक्षित अंतराला ती पर्याय नाही. माणसे मोजून बाहेर ठेवा आणि चाचणी थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या.

१३. आलेख पाहताना कोणत्या गोष्टींनी सावध व्हायचं? चाचणी कधी थांबवायची?

एकूण हिटच्या संख्येला सर्वाधिक महत्त्व देऊ नका. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. होल्डच्या पहिल्या २ मिनिटांनंतरही उत्सर्जन चालूच आहे का? दाब सारख्या गतीने वाढत असताना उत्सर्जन मात्र वेग घेत आहे का? एकाच जागी घोळका जमतो आहे का, आणि त्यात मोठ्या आयामाचे संकेत वाढताहेत का? दाब उतरवून पुन्हा चढवताना आधीच्या पातळीखालीच आवाज सुरू झाला का?

होल्डमधले उत्सर्जन आम्ही सर्वात गंभीर मानतो. भार स्थिर असताना आवाज चालू राहतो म्हणजे दोष आपणहून पुढे सरकतो आहे. ते वाढत जात असेल तर दाब वाढवणे तिथेच थांबवा, माणसे दूर ठेवा, दाब सावकाश उतरवा आणि त्या जागी अल्ट्रासोनिक करा. थांबवण्याचे निकष चाचणीआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या असाव्यात. ऐन वेळी वेळापत्रकाच्या दडपणाखाली ठरवायची ही गोष्ट नव्हे.

१४. नव्या व्हेसलच्या पहिल्याच हायड्रोटेस्टमध्ये (पाण्याने दाब देऊन केलेल्या चाचणीत) प्रचंड आवाज आला. व्हेसल खराब आहे का?

बहुधा नाही. पहिल्यांदा दाब येतो तेव्हा वेल्डजवळचे अवशिष्ट ताण मोकळे होतात, स्केल तडकते, व्हेसल आधारांवर बसते आणि काही ठिकाणी स्थानिक प्लास्टिक विरूपण होते. हे सगळे बोलते. दाब उतरवून दुसरे आवर्तन घ्या. निरोगी धातू दुसऱ्या वेळी कायझर परिणामाप्रमाणे शांत राहतो, आणि जी जागा दुसऱ्या वेळीही बोलते तिथे तपासणी करायची. पहिल्या आवर्तनातही होल्डचे निकष मात्र सोडू नका.

१५. टाकी रिकामी न करता तळाचा गंज खरंच कळतो का?

चालू गंज आणि गळती कळते. पत्र्याची उरलेली जाडी कळत नाही. कवचाभोवती तळापासून साधारण १ मीटर उंचीवर कमी वारंवारतेचे सेन्सर लावतात. गंजाचे थर सुटताना आणि फुटताना निघणारे संकेत द्रवातून त्यांच्यापर्यंत येतात. टाकी जवळजवळ भरलेली हवी. झडपा बंद, मिक्सर आणि हीटर बंद, आणि टाकीला १२ ते २४ तासांची शांतता द्या. मगच तास-दोन तासांची नोंद. उन्हात छप्पर प्रसरण पावताना आणि बाष्प थंड होऊन थेंब पडतानाही संकेत येतात, म्हणून रात्रीची नोंद बहुधा स्वच्छ मिळते.

निष्कर्ष श्रेणीत येतो: कोणती टाकी आधी उघडायची आणि कोणती आणखी काही काळ चालू शकते. ज्यांच्याकडे वीस-तीस टाक्या आहेत त्यांना हा क्रमच हवा असतो. जाडी हवी असेल तर टाकी उघडून तळ स्कॅन करण्याला पर्याय नाही. आणि जो गंज आज निष्क्रिय आहे तो, तळाला भोक पडायच्या बेतात असला तरी, गप्प राहू शकतो.

१६. काँक्रीटमध्ये एई कितपत उपयोगी? तिथे तर तडे असतातच.

तडे असतातच, म्हणून प्रश्न ते आहेत का हा नसून ते कोणत्या प्रकारचे आहेत आणि वाढताहेत का हा असतो. चढणीच्या वेळेला आयामाने भागून आरए मूल्य काढतात आणि काउंटला (एका हिटमध्ये संकेत थ्रेशोल्ड किती वेळा ओलांडतो त्या आकड्याला) कालावधीने भागून सरासरी वारंवारता. ताणाने उघडणाऱ्या तड्यात आरए कमी आणि वारंवारता जास्त येते, कातरणाऱ्या तड्यात उलट. आधी ताणाचे तडे आणि नंतर कातरण्याचे वाढू लागले तर तुळई शेवटाकडे चालली आहे. सेन्सर आणि स्रोतामधले अंतर वाढले तरीही आरए फुगतो, तेव्हा दूरच्या घटना या वर्गीकरणातून वगळा.

पूल भार देऊन तपासताना भार उतरवण्याच्या काळाकडेही लक्ष द्या. शाबूत तुळई उतरताना जवळजवळ शांत असते. उतरताना होणारे उत्सर्जन हे उघडलेल्या तड्यांच्या कडा घासल्याचे लक्षण आहे. पूर्वप्रतिबलित (आत तारा ताणून बसवलेल्या) पुलांवर तारा तुटण्याची कायमस्वरूपी देखरेखही एईने करतात, आणि हा तिचा फार मोलाचा उपयोग आहे, कारण काँक्रीटच्या आतली तार दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तुटण्याच्या क्षणी कळत नाही.

१७. एईतून तड्याची लांबी किंवा खोली काढता येते का? आणि कोणता तडा हमखास निसटतो?

लांबी-खोली काढता येत नाही. आयाम तड्याच्या आकारावर नव्हे, तर एका उडीत मोकळ्या झालेल्या ऊर्जेवर, अंतरावर आणि वाटेवर अवलंबून असतो. ठिसूळ वेल्डमधला छोटा तडा ९० डेसिबल देईल आणि चिवट स्टीलमधला मोठा तडा ४५ वर राहील.

निसटणाऱ्यांत हाच चिवट स्टीलमधला, सावकाश फाटत जाणारा तडा पहिला येतो. पदार्थ जितका चिवट तितका तो शांतपणे फाटतो. दुसरा, चाचणीच्या भाराने ज्याच्यावर ताणच येत नाही असा. आतल्या दाबाने केलेल्या चाचणीत आधाराजवळच्या वाकण्याने वाढणारा तडा कदाचित बोलणारच नाही. तिसरा, जाडीच्या आतली जुनी लॅमिनेशन, पत्र्याला समांतर पडलेली आणि ताणाला आडवी न येणारी. अशा शंका असतील त्या जागा थेट अल्ट्रासोनिकने तपासा.

१८. कोणती मानकं लागू होतात? चाचणी कोणी करावी?

एएसएमई कोडच्या पाचव्या विभागात कलम ११ फायबर संमिश्र व्हेसलसाठी, १२ धातूच्या व्हेसलच्या दाबचाचणीसाठी आणि १३ सततच्या देखरेखीसाठी आहे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकांत ई६५० सेन्सर बसवण्यासाठी, ई९७६ सेन्सरच्या प्रतिसादाची पुनरावृत्ती तपासण्यासाठी, ई१०६७ फायबर ग्लासच्या टाक्यांसाठी आणि ई१४१९ वेल्ड नसलेल्या गॅसभरल्या नळकांड्यांसाठी आहे. युरोपात ईएन १३५५४ सर्वसाधारण तत्त्वे देते आणि ईएन १४५८४ धातूच्या दाबसाहित्याची चाचणी सांगते. माणसांची पात्रता आयएसओ ९७१२ किंवा एसएनटी-टीसी-१ए प्रमाणे. नोंद घेणारा दुसऱ्या स्तराचा चालतो, पण कार्यपद्धती तिसऱ्या स्तराच्या व्यक्तीने लिहिलेली आणि मंजूर केलेली असावी.

१९. पूर्ण चाचणीत एकही हिट आला नाही. व्हेसल पास समजायचं का?

लगेच नाही. संपूर्ण शांतता चांगल्या व्हेसलची असू शकते, तशीच सुटलेल्या सेन्सरची, तुटलेल्या केबलची किंवा फार वर ठेवलेल्या थ्रेशोल्डचीही. आधी चाचणीनंतरची शिसे-मोडणी करा. प्रत्येक सेन्सर आधीच्याच मर्यादेत असायला हवा. एखादा १० डेसिबलने पडला असेल तर त्याच्या क्षेत्रापुरती चाचणी झालीच नाही असे धरा. मग दाबाच्या नोंदी तपासा: मागच्या वर्षभरातला कमाल दाब या वेळी खरोखर ओलांडला होता का? कोणी आधी चढवून पाहिले नव्हते ना? शेवटी पार्श्वभूमीच्या नोंदीकडे पाहा. दाब चढवताना पंप आणि पाण्याच्या प्रवाहाने थोडे तरी हिट यायलाच हवेत. तेही नसतील तर यंत्र ऐकत नव्हते.

हे तिन्ही ठीक असेल तर अहवालात 'चाचणी दाबापर्यंत सक्रिय दोष आढळला नाही' असे लिहा, आणि सोबत थ्रेशोल्ड, सेन्सरच्या जागा, क्षीणनाचा आलेख, दाबाचा कार्यक्रम आणि दोन्ही वेळच्या शिसे-मोडणीचे आकडे जोडा. 'दोष नाही' असे लिहू नका. पुढच्या चाचणीला येणाऱ्या माणसाला तुलनेसाठी हेच आकडे लागतील, म्हणून मूळ नोंदीच्या फाइलीही अहवालासोबत मालकाकडे द्या.